तळ हलवला नाही

"मावशी, कशालाही हात लावायचा नाही हं. प्लास्टर निघायला अजून पंधरा दिवस आहेत," प्रयोगशाळेतली नवी संशोधक डॉक्टर मागून म्हणाली. पण मावशीने डाव्या हाताने उबेच्या खोलीचे दार केव्हाच ओढले होते.

आत फळीवर बारा बाटल्या होत्या. प्रत्येकीच्या तोंडाला रबरी बूच, बुचावर पत्र्याची टोपी, आणि बुचात सुई खुपसून उभी केलेली काचेची पिचकारी. बाटलीत वायू तयार झाला की तो पिचकारीचा दट्ट्या वर ढकलतो. दट्ट्या वर, म्हणजे आतली मंडळी खुशाल. एकतीस वर्षे मावशी रोज सकाळी आल्या आल्या, पिशवी खाली ठेवायच्याही आधी, या दट्ट्यांकडे बघत आली होती. तान्ह्या पोराची आई उठल्याबरोबर पाळण्यात डोकावते, तसे.

आज बाराच्या बारा दट्टे बुडाशी बसले होते.

"कधीपासून?" मावशीने विचारले.

"तुम्ही पडलात ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पहिल्यांदा नव्या बाटल्या भरल्या. तेव्हा दट्टे अर्ध्यापर्यंत आले. म्हटलं, माझा हात नवा आहे. पंधरा दिवसांनी परत भरल्या, तर जेमतेम बोटभर. आणि ह्या तिसऱ्या खेपेच्या." डॉक्टरने एका पिचकारीवर टिचकी मारली. दट्ट्या ढिम्म. "मावशी, तुमची वही समोर ठेवून केलंय सगळं. शब्दनशब्द. पाणी उकळलं, वायू तापल्या तांब्याच्या किसावरून नेला, गुलाबी रंग जाईपर्यंत थांबले. जुन्या बाटलीतली वरची निवळ घेतली. तळ हलवला नाही."

ते शेवटचे तीन शब्द ऐकले आणि मावशीने फळीवर नजर फिरवली.

"माझ्या हातची एखादी उरलीय का?"

"एकच." डॉक्टरने फळीच्या कोपऱ्यातली बाटली दाखवली. पिवळट पाणी, तळाशी काळा गाळ. "दोन महिन्यांची उपाशी आहे बिचारी. शुक्रवारी हिच्यातून शेवटचं भरणार. आणि तीही लागली नाही, तर संपलं. ही जात जगात दुसरीकडे कुठे नाही, मावशी. मी ही नोकरी घेतली तीच हिच्यासाठी."

"कसं भरणार?"

"वहीत आहे तसंच. दुसरं काय करू?"

मावशी नुसती "हं" म्हणाली. त्या दिवशी मंगळवार होता. बोलायचे तर तिथेच, दार उघडे होते तोवर बोलायला हवे होते. पण ती मोरीकडे वळली. डाव्या हाताने तिने चार काचा पुसल्या, दोन पाडल्या, आणि दुपारी घरी निघून आली.

मावशी इथे लागली ती काचसामान धुवायला. तेव्हा ती अठ्ठावीस वर्षांची होती आणि अक्षराशी तिची ओळख नव्हती. पहिल्याच आठवड्यात तिने सहा बाटल्या अशा लख्ख धुतल्या की वरच्या चिठ्ठ्याही गेल्या. ही प्रयोगशाळा चालवणारे सर ओरडतील म्हणून ती भिंतीला लागून उभी राहिली. सर ओरडले नाहीत. खुर्ची ओढून म्हणाले, "बाई, चूक माझी आहे. जिला वाचता येत नाही तिच्या हातात मी चिठ्ठ्या दिल्या. बसा इथे." आणि त्या दिवसापासून रोज दुपारी चहानंतर अर्धा तास, बाटल्यांच्या चिठ्ठ्यांवरूनच, मावशी अक्षरे शिकली. आधी आकडे, मग तारखा, मग नावे.

सरांना बोलायला फार लागायचे आणि ऐकायला तिथे दुसरे कोणी नसायचे. त्यामुळे शिकता शिकता बाकीचेही तिच्या कानावर पडत गेले. बाटलीतल्या जिवांना सर "मंडळी" म्हणत.

"हे जंतू नव्हेत, बाई. दिसायला जंतूंसारखे, पण कूळच निराळं. आर्किया म्हणतात ह्यांना. पृथ्वीवर प्राणवायूचा पत्ता नव्हता ना, तेव्हाचे हे लोक. आपल्याला जी हवा लागते तीच ह्यांना विष. म्हणून तर पाणी उकळून हवा काढायची, वायू तापल्या तांब्यावरून न्यायचा. उरलासुरला प्राणवायू तांबं गिळतं आणि काळं पडतं. पाण्यात रंग कशाला घालतो? हवा राहिली तर गुलाबी दिसावं म्हणून. गुलाबी दिसलं की समजायचं, घर अजून राहण्याजोगं नाही."

"आणि खातात काय?"

"हायड्रोजन. आणि श्वासातून आपण सोडतो ना, तो कार्बन डायऑक्साइड. घराचं काम चालू असताना विटा कशा हातोहात वर देतात? तसा हा एकेक कार्बन एका हातातून दुसऱ्या हातात जातो, आणि प्रत्येक हात त्याला थोडा थोडा हायड्रोजन चिकटवतो. शेवटच्या हाताशी निकेलचा एक कण असतो. म्हणून तर आपण पाण्यात ते चिमटीतही येणार नाही एवढं निकेल घालतो. तिथून निघतो तो मिथेन. दलदलीत बुडबुडे येतात, तोच. एवढी यातायात करून ह्यांच्या पदरात पडतं काय? जीव तगेल एवढंच. अर्धपोटी संसार, बाई. पण अब्जावधी वर्षं चाललाय."

एका तळ्याच्या तळच्या चिखलातून सरांनी स्वतः वेगळी काढलेली जात मात्र त्यांची लाडकी होती. बाकीच्या जातींना दुसऱ्याने हायड्रोजन आणून द्यावा लागतो. हिला नुसता मद्यार्काचा थेंब दिला की पुरे. तो फोडण्यापासून मिथेन करण्यापर्यंत सगळे ही एकटीच निस्तरते, असे सरांनी लिहिले होते, आणि ते देशोदेशीच्या पुस्तकांत छापून आले होते. सरांनी तिचे घरगुती नाव ठेवले होते एकांडी. "कुणाच्या दारात उभी राहत नाही," असे ते अशा अभिमानाने म्हणत की जणू पोटची पोर.

तर अक्षरे जोडता येऊ लागली तेव्हा सरांनी मावशीला पहिले अख्खे वाक्य शिकवले ते वहीसाठी. दर पंधरा दिवसांनी मंडळींना नव्या पाण्यात हलवायचे आणि वहीत लिहायचे: *वरची निवळ घेतली. तळ हलवला नाही. रंग गेला.* तळाशी काळा गाळ बसतो, त्यात भलतेसलते जीव दडून येतील, म्हणून तो हलवायचा नाही. मावशीने ते वाक्य रांगोळीच्या ठिपक्यांसारखे गिरवून पाठ केले.

मग सर तीन महिने परदेशी गेले आणि मंडळी मावशीच्या ओटीत घालून गेले. तिने सांगितले तसेच केले. पहिल्या खेपेला दट्टे अर्धे आले, दुसऱ्या खेपेला बोटभर, तिसऱ्या खेपेला आलेच नाहीत. मावशीच्या तोंडचे पाणी पळाले. नोकरी तर जाणारच होती. पण आपल्याला समोर बसवून ज्या माणसाने अक्षर दिले त्याचे तोंड कसे बघायचे? सरांच्या हातची उरलेली एकच बाटली तिने हातात घेतली. हात घामाने ओला. बाटली निसटली, उलटी झाली, आणि तिने ती पोटाशी धरून कशीबशी वाचवली. आतले पाणी गाळाने काळेकुट्ट. निवळायला वेळ नव्हता. होईल ते होवो म्हणून तिने त्या गढूळ पाण्यानेच नव्या बाटल्या भरल्या.

पाचव्या दिवशी दट्टे टोकाला पोचले होते.

तेव्हापासून मावशी प्रत्येक बाटली मानेला धरून तीनदा उलटी करी आणि मगच सुई घाली. आणि वहीत लिही: तळ हलवला नाही. खोटे बोलावे म्हणून नव्हे. तिला तेवढेच वाक्य लिहिता येत होते. पुढे वाचन वाढले, वर्तमानपत्र वाचू लागली, आणि एके दिवशी वही चाळताना तिने तेच वाक्य पहिल्यांदा खरोखर वाचले. तोवर चार वह्या भरल्या होत्या. सर पाहुण्यांना त्या वह्या दाखवत. "आमच्या बाईंची वही. एक खाडाखोड सापडणार नाही." पाहुणे मान डोलवत. अशा वेळी मावशी मागच्या मागे मोरीकडे जाई आणि धुतलेल्याच काचा पुन्हा धुवी.

आता वह्या अकरा झाल्या होत्या.

बुधवारी सकाळी नवऱ्याने तिचे केस विंचरायला घेतले. तो शिंपी होता. मावशीचा हात मोडल्यापासून वेणीचे काम त्याच्याकडे होते आणि तो ती अशी घट्ट घाली की तिच्या भुवया वर चढत.

"अहो, हळू. ही काय कोटाची शिवण आहे?"

"उसवायला नको ना दिवसभरात. तू बोल, काय झालंय? काल जेवली नाहीस."

मावशीने सगळे सांगितले. तो वेणीचा पेड धरून उभा राहिला.

"एवढंच ना? मग शुक्रवारी जा आणि गुपचूप बाटली हलव. झाली गोष्ट. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"एका हातानं? आणि पुढच्या वर्षी मी निवृत्त झाले की? वहीत तर तेच राहणार. ती पोरगी वही वाचून मारणार त्यांना."

"मग सांग तिला."

"सांगितलं की सरांचं खोटं पडेल. मला नीट कळत नाही, पण एवढं कळतं. गाळात काहीतरी आहे, ज्याच्यावाचून एकांडी जगत नाही. मग ती एकांडी कसली? त्यांनी अख्ख्या जगाला सांगितलंय, ही एकटी जगते म्हणून."

नवऱ्याने पेड पूर्ण केला, टोकाला गाठ मारली. मग म्हणाला, "माझ्याकडे एकदा एकानं कोट आणला होता. दुसऱ्या शिंप्यानं उलट्या कापडाचा शिवलेला. मी गप्प बसलो. कशाला कुणाचं नाव खराब करा? तो माणूस तसाच लग्नाला गेला. अजून आठवतं मला ते." त्याने फणी खाली ठेवली. "पण आधी तिकडे जा. त्यांच्याकडे. त्यांना दुसऱ्याच्या तोंडून कळायला नको."

सरांचे घर तिसऱ्या मजल्यावर होते. गुडघे गेल्यापासून, म्हणजे वर्षभर, ते खाली उतरले नव्हते. दार मुलीने उघडले. सर खिडकीपाशी पांघरूण पायांवर घेऊन बसले होते. मावशीला बघून त्यांचा चेहरा उजळला.

"या या, बाई. हात कसा आहे? आणि आपली मंडळी?"

"मंडळी मरायला टेकलीत, सर."

मावशीने ठरवून आणलेली वाक्ये कुठल्या कुठे गेली. ती उभ्या उभ्याच, एका दमात बोलली: परदेश, निसटलेली बाटली, तीनदा उलटी करणे, अकरा वह्या. बोलताना ती सरांकडे न बघता त्यांच्या पांघरुणाच्या काठाकडे बघत होती. "तीस वर्षं मी खोटं लिहिलं, सर. तुमच्याच अक्षरानं. काय शिक्षा द्यायची ती द्या, पण शुक्रवारच्या आत द्या."

मुलगी चहा घेऊन आली, वडिलांचे तोंड बघून कप ठेवून निघून गेली.

"किती वेळा उलटी करता?" सरांनी विचारले.

"तीनदा."

"जोरात?"

"नाही. अंगडंटोपडं घातलेलं पोर कुशीवर वळवावं, तशी."

"आणि नुसती निवळ घेतली की तिसऱ्या खेपेला मरतात. लगेच नाही. तिसऱ्या खेपेला." सरांनी डोळे मिटले. ओठ हलत होते, जणू तोंडी हिशेब चालला होता. "सूक्ष्मदर्शकाखाली निळा प्रकाश टाकला की आपली मंडळी हिरवी-निळी चमकतात. त्यांच्या अंगचंच द्रव्य आहे ते. पण निम्मी चमकत नसत. मला दिसायचं ते, बाई. पहिल्या दिवसापासून दिसायचं. मी म्हणायचो, ही म्हातारी झाली असतील, मेली असतील. मेलेली कशाला चमकतील?"

"म्हणजे, सर?"

"दोन आहेत. दोन निरनिराळे जीव. न चमकणारे मद्यार्क फोडतात, त्यातून हायड्रोजन निघतो. पण तो साठला की त्यांचंच काम थांबतं, ते घुसमटतात. चमकणारे तो हायड्रोजन आल्या आल्या खाऊन टाकतात आणि मिथेन करतात. ह्याच्यावाचून त्याचं चालत नाही, त्याच्यावाचून ह्याचं. गाळात एकमेकांना चिकटून बसत असणार. वर तरंगतात ते चुकलेमाकलेले." त्यांनी डोळे उघडले. "मी इतकी वर्षं जिवंताला मेलेलं म्हणत आलो."

मावशीला वाटले, आता म्हातारा रडतो की काय. पण सर हसले. आधी बारीक, मग खांदे हलेपर्यंत.

"आणि तळ न हलवण्याचा नियम! तो मी तुम्हाला शिकवायला बसलो तेव्हा केला, बाई. मी स्वतः कधी पाळला? मी धावतपळत बाटल्या आणायचो, एका हातात चार चार. त्या काय निवळत होत्या? शिकवताना माणूस जरा जास्तच शहाणा होतो." हसू ओसरले. त्यांनी खिडकीबाहेर पाहिले. "पुस्तकातून काढावी लागेल एकांडी. त्या नावाचं कोणी नव्हतंच."

"नका काढू, सर. मी त्या पोरीला नुसतं सांगते, बाटली हलव. बाकीचं राहू दे."

"नाही." आवाज एकदम जुना झाला, वर्गातला. "मी फोन करणार नाही तिला. तुम्ही सांगा. वही तुमची आहे. सगळं सांगा, आणि न चमकणारे मोज म्हणावं."

गुरुवारी सकाळी वेणी घालून घेताना मावशीने नवऱ्याला दोन जिवांची गोष्ट जमेल तशी सांगितली. त्याने ऐकून घेतले.

"म्हणजे एक स्वयंपाक करतो आणि दुसरा भांडी घासतो."

"तसंच काहीसं."

"आणि भांडी साठली की पहिल्याला हात हलवायला जागा राहत नाही. मग दोघं उपाशी." त्याने वेणीला हिसडा दिला. "ह्याला एवढं शिकायला कशाला लागतं? दीड महिना मी दोन्ही करतोय ना, मला विचारायचं."

मावशी आठवड्यात पहिल्यांदा हसली. पण कामावर पोचेपर्यंत ते हसू कुठेतरी गळून पडले होते.

डॉक्टरने सगळे ऐकले. ऐकता ऐकता तिचे कान लाल झाले.

"मंगळवारी तुम्ही इथेच उभ्या होतात. ह्याच जागी. मी विचारलं, दुसरं काय करू, आणि तुम्ही 'हं' म्हणालात!"

"हो."

"शुक्रवारी मी शेवटची बाटली मारली असती, मावशी. माझ्या हातानं. आणि जन्मभर म्हटलं असतं, मलाच येत नाही!"

"म्हणून तर आले."

"दोन दिवस उशिरा आलात." डॉक्टरने वही धाडकन मिटली. ती खिडकीशी जाऊन पाठ करून उभी राहिली. रागावणे त्या पोरीच्या हक्काचे होते. थोड्या वेळाने पाठ वळली. "गाळात एकमेकांना चिकटून, असं म्हणाले सर?" आवाजातला राग गेला नव्हता, पण त्यात आता दुसरेही काही होते. "न चमकणारे... अहो, मी पण त्यांना मेलेलेच धरून चालले होते. पुस्तकात तसं आहे म्हणून! चला. शुक्रवारची वाट कशाला बघायची?"

मग त्या दोघींनी मिळून ते काम केले, तीन हातांनी. नळीतले तांबे काळे पडले होते. त्यावरून हायड्रोजन सोडला तसा तो काळा कीस बघता बघता लालसर, नव्या भांड्यासारखा झाला. पाण्याला उकळी आली. बाटल्या भरल्या. त्या गुलाबी झाल्या, फिक्या झाल्या, निवळल्या. मग डॉक्टरने ती शेवटची बाटली उचलली. मावशी तिच्या मनगटाकडे बघत होती.

"मानेला धरा. हां. आता उलटी. अहो, खुळखुळा आहे का तो? हळू."

"अशी?"

"अजून हळू. तळाला आपण होऊन उठू दे. उठला ना? आता परत. तिसऱ्यांदा. घाला सुई."

काळे पाणी पिचकारीत चढले. सडक्या अंड्यांचा वास खोलीभर झाला. डॉक्टरने नाक मुरडले. मावशीने तो वास छातीभर घेतला.

शुक्रवारी दट्टे खाली होते. शनिवारी खाली. रविवारी सुटी असूनही दोघी आल्या, एकमेकींना न सांगता, आणि दारातच भेटल्या. दट्टे खालीच. "दोन महिन्यांचे उपाशी आहेत," मावशी म्हणाली, "उठून बसायला वेळ लागणारच." पण त्या दिवशी तिने स्वतः काही खाल्ले नाही. मंगळवारी सकाळी एका पिचकारीचा दट्ट्या रेघभर वर होता. डॉक्टर म्हणाली, आधीपासून तसा असेल. मावशी म्हणाली, नव्हता. गुरुवारी बाराही दट्टे टोकाला पोचले आणि एक तर निसटून फळीवर पडला.

पुढच्या महिन्यात डॉक्टरने ते दोघे वेगळे केले. वेगळे केल्यावर मद्यार्कावर एकटा एकही वाढेना. परत एका बाटलीत घातले की दट्टे वर. तिने लेख लिहिला. सरांकडे नेला तो कचरत कचरत. त्यात जुन्या जातीचे नाव यादीतून खोडावे असे होते, पण चूक कोणाची ते तिने मोघम ठेवले होते. सरांनी पेन मागितले आणि मोघम वाक्यावर काट मारून तिथे स्वतःचे नाव घातले. "चुकीखाली कोणाचं तरी नाव लागतं. नाहीतर ती पोरकी होते आणि दारोदार फिरते." आणि बाटली उलटी करण्याची रीत जिथे लिहिली होती तिथे त्यांनी समासात लिहिले, ही रीत बाईंची, हे वर यायला हवे.

मग एका दुपारी ते प्रयोगशाळेत आले. दोन माणसांनी खुर्चीत बसवून तीन जिने उतरवले, गाडीत घातले. मावशीचे प्लास्टर निघाले होते. हात बारीक आणि पांढरा पडला होता. सूक्ष्मदर्शकाच्या खोलीत एकच उंच स्टूल. त्यावर सरांना बसवले. डॉक्टरने चपट्या काचेच्या नळीत, हवा अजिबात लागू न देता, एक थेंब बंद करून ठेवला होता. खोली अंधारी केली. निळा दिवा लागला.

"चमकतायत," सर म्हणाले. "आहेत. छान आहेत." थोड्या वेळाने म्हणाले, "विझायला लागले. दिवा फार वेळ नको त्यांना. साध्या उजेडात दाखव."

डॉक्टरने दिवा बदलला. सर पुन्हा वाकले. त्यांची पाठ मावशीच्या हाताखाली होती. ती एकदम ताठ झालेली तिला कळली.

"हलतायत," ते म्हणाले.

"हो, सर. न चमकणारे पोहतात. तुमच्या वेळी काचेवर हवा लागायची, म्हणून थांबत असतील."

मान खाली घालून, एक डोळा मिटून सर बघत राहिले. बाहेर कोणीतरी ट्रॉली ढकलत गेले, तिचा आवाज दूर जाईपर्यंत बघत राहिले. मग त्यांनी डोळा पुसला आणि टेबलाचा काठ धरून स्टुलावरून खाली उतरायला लागले.

"सर, सावकाश. खुर्ची आणते," डॉक्टर म्हणाली.

"खुर्ची नको. बाई, बसा."

"मी? नको, सर. मला काय कळतंय त्यातलं?"

"बसा."

मावशीने त्या यंत्राची काच एकतीस वर्षे पुसली होती. त्यातून कधी पाहिले नव्हते. कोणी नको म्हटले होते असे नाही, पण तशी वेळच आली नव्हती. ती पदर सावरून स्टुलावर चढली. आधी तिला स्वतःच्याच पापण्या दिसल्या. मग डॉक्टरने तिच्या बारीक झालेल्या हाताचे बोट चाकावर ठेवून हळूच फिरवले, आणि धूसर उजेड एकाएकी स्वच्छ झाला. बारीक काड्या, कितीतरी. काही स्वस्थ, पुंजक्यात. काही त्यांच्या भोवतीने लगबगीने जात होत्या, वळत होत्या, पुन्हा येत होत्या.

तिला बघायला बराच वेळ लागला. तिने घाई केली नाही. आणि ती उतरेपर्यंत सर, टेबलाचा काठ धरून, दुखऱ्या गुडघ्यांवर तसेच उभे राहिले.